गुडघे टेकलेला राजा

गेल्या पावसाळ्यांत एका खेड्यांतील उपदेशकानें आम्हांस एक प्रश्न विचारिला. त्याची मुलगी अमरावतीस महाविद्यालयांत शिकते. ती सुटींत घरीं आली असतां तिच्या पुस्तकांत त्यास शेक्सपियरचें हॅम्लेट नाटक दिसलें, व बापाच्या आग्रहावरून मुलीनें त्यास त्याची कथा सांगितली. ती ऐकून हा भला मनुष्य अस्वस्थ झाला. भावानें भावास विष घालावें, त्याचें राज्य घ्यावें, त्याच्या विधवेशीं लग्न लावावें, पुतण्यानें सूड घेण्याची शपथ वहावी, आणि शेवटीं रंगभूमीवर चार प्रेतें पडावीं. असल्या गोष्टींत प्रभूच्या लोकांनीं वेळ कां दवडावा, असें त्याचें म्हणणें होतें. "पापाची माहिती आम्हांस गांवांतच पुष्कळ आहे," असें तो हंसून म्हणाला. आणि तें खरेंही आहे.

आम्हीं त्या वेळीं त्यास एवढेंच विचारिलें कीं, दावीद राजानें उरीयाची बायको घेतली व उरीयास मारविलें, तेव्हां नाथान संदेष्टा त्याजकडे जाऊन प्रथम काय बोलला? त्यानें आरोप केला नाहीं. एका गरीब मनुष्याची एकुलती एक मेंढी व एका धनवानाचा लोभ, अशी गोष्ट सांगितली. राजा त्या धनवानावर संतापला, आणि आपण कोणावर संतापलों हें त्यास मागाहून कळलें. दुसऱ्याची गोष्ट ऐकतांना मनुष्य आपला बचाव करण्यास विसरतो. आमच्या वऱ्हाडास हें निराळें शिकविण्याची गरज नाहीं. अमरावती जिल्ह्यांत शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेले गाडगे महाराज कीर्तनास उभे राहिले म्हणजे शास्त्रार्थ थोडा सांगत, आणि साधे साधे प्रश्न विचारून समोरच्या मंडळीकडूनच उत्तरें वदवीत. हंसतां हंसतां मनुष्य स्वतःच्याच उत्तरांत सांपडे.

तथापि उपदेशकाचा प्रश्न मनांतून गेला नाहीं. कारण ज्या नाटकाची त्यास शंका आली त्याचा आमच्या अकोल्याशीं संबंध आहे, व आमच्याशीं तर त्याहूनही अधिक आहे. तो संबंध कोणता तें सांगण्यासाठींच हा लेख लिहीत आहों.

गोपाळ गणेश आगरकर हे कऱ्हाडजवळच्या टेंभू गांवचे. घरची अत्यंत गरिबी. शिक्षणासाठीं वणवण करीत ते अकोल्यास नातलगांकडे आले, आणि १८७५ सालीं तेथूनच मॅट्रिक झाले. अकोल्याच्या शाळेंत त्यांस विष्णु मोरेश्वर महाजनी हे शिक्षक लाभले. महाजनी मोठे विद्वान व कवि होते. पुढें वऱ्हाडच्या शिक्षणखात्यांत ते मोठ्या हुद्द्यावर चढले. परंतु त्यांची आमच्या मतें खरी कमाई म्हणजे हा एक विद्यार्थी. गुरु व शिष्य या दोघांनींही शेक्सपियरचीं नाटकें मराठींत आणिलीं. गुरूनें १८८१ सालीं 'मोहविलसित' लिहिलें. तें 'विंटर्स टेल' या नाटकावरून. शिष्यानें १८८३ सालीं 'विकारविलसित' प्रसिद्ध केलें. तें हॅम्लेटचें भाषांतर. मोहाचा खेळ आणि विकाराचा खेळ. नांवें पाहिलीं तरी एका घरचीं वाटतात.

शिष्याचें पुस्तक कोठें लिहिलें गेलें हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. कोल्हापूरच्या दिवाणावर आरोप करणारा मजकूर 'केसरी' व 'मराठा' या पत्रांत छापल्यावरून आगरकर व टिळक यांजवर बेअब्रूचा खटला झाला. ज्या पत्रांवर त्यांनीं विश्वास ठेविला तीं बनावट ठरलीं. १८८२ सालच्या जुलै महिन्यांत दोघांस चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि मुंबईस डोंगरीच्या तुरुंगांत त्यांनीं एकशें एक दिवस काढिले. त्या दिवसांत आगरकर या भाषांतरांत गढले होते. सद्हेतूनें परंतु कच्च्या पुराव्यावर दुसऱ्यास दोष लाविल्याबद्दल तुरुंगांत बसलेला तरुण, पुराव्यावांचून हात उचलावा कीं न उचलावा या विवंचनेंत पडलेल्या राजपुत्राचें नाटक मराठींत लिहीत आहे, हें चित्र आमच्या डोळ्यांपुढून हालत नाहीं. पुढें शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशी यांनीं हॅम्लेटची भूमिका करून हें नाटक महाराष्ट्रभर गाजविलें. परंतु आमचा विषय रंगभूमि नव्हे.

प्रथम गुरूच्या नाटकांतील राजा घेऊं. लिऑन्टिस हा सिसिलीचा राजा. त्याची राणी हर्मायनी निर्दोष आहे. राजाच्या बाळमित्रास आणखी कांहीं दिवस राहण्याचा आग्रह ती करिते, तोही नवऱ्याच्याच सांगण्यावरून. आणि तेवढ्यावरून राजाच्या मनांत संशय पेटतो. कोणी चहाडी केली नाहीं. ऑथेल्लोच्या कानांत विष ओतणारा इयागो तरी होता. देवलांचें 'झुंझारराव' ज्यांनीं वाचिलें त्यांस तें ठाऊक आहे. लिऑन्टिसचा इयागो त्याच्या पोटांतच आहे. तो राणीस भर दरबारांत उभी करितो, नुकतीच जन्मलेली मुलगी रानांत टाकवितो, आणि देवळांतून आलेला कौल राणी निर्दोष आहे असें सांगतो तेव्हां कौलच खोटा ठरवितो. त्याच घटकेस त्याचा लहानगा मुलगा, आईच्या काळजीनें खंगलेला, मेल्याची बातमी येते. तेथें राजा मोडतो. आपलें चुकलें हें तो सर्वांदेखत म्हणतो, आणि सोळा वर्षें शोक करितो. शेवटीं मुलगी सांपडते, मेली म्हणून समजलेली राणीही जिवंत भेटते. मुलगा मात्र परत येत नाहीं. नाटककारानें पुष्कळ आश्चर्यें घडविलीं, परंतु तें एक घडविलें नाहीं. पश्चात्ताप खरा असला तरी कांहीं गोष्टी गेल्या त्या गेल्याच, हें त्यानें गुपचूप राहूं दिलें आहे. त्याबद्दल त्याची आम्हांस फार थोरवी वाटते.

आतां शिष्याच्या नाटकांतील राजा. क्लॉडियस यानें आपल्या सख्ख्या भावास, डेन्मार्कच्या राजास, बागेंत निजला असतां कानांत विष घालून मारिलें, आणि मुकुट व राणी हीं दोन्ही घेतलीं. मेलेल्या राजाच्या पिशाचानें आपल्या मुलास, हॅम्लेटास, हें सांगितलें. परंतु पिशाचाच्या साक्षीवर माणूस मारावा कसा? म्हणून हॅम्लेट नाटकवाल्यांकडून तशाच एका खुनाचा प्रसंग राजासमोर करवितो. पाहा, नाथानानें जी युक्ति योजिली तीच ही! आणि ती लागू पडते. राजा भर खेळांतून उठून दिवे मागवीत निघून जातो. दावीद नाथानाजवळ 'मी पाप केलें' असें म्हणाला. क्लॉडियस कोणाजवळ कांहीं बोलत नाहीं, पण एकटा झाल्यावर तो गुडघे टेकतो.

या ठिकाणीं उपदेशक बंधूंनीं थोडें थांबावें. हा खुनी राजा प्रार्थना करण्यापूर्वीं जें मनाशीं बोलतो, त्यांत धर्मज्ञानाचें उणें कांहींच नाहीं. आपलें पाप काइनाच्या जातीचें आहे हें तो जाणतो. देवाची दया रक्तानें भरलेला हात धुण्यास पुरी पडेल हें तो जाणतो. पृथ्वीवरील न्यायसभेंत पैशानें निकाल फिरतो, पण वरच्या न्यायसभेंत फिरत नाहीं, हेंही त्यास पक्कें ठाऊक आहे. सेमिनरींत परीक्षेस बसला असता तर आमच्यापैकीं पुष्कळांहून अधिक गुण त्यानें मिळविले असते. त्याची अडचण एकच. ज्यासाठीं खून केला तीं फळें, मुकुट, महत्त्वाकांक्षा व राणी, अजून त्याच्याजवळ आहेत. तीं हातांत ठेवून क्षमा मागतां येईल काय, असें तो स्वतःस विचारितो. येणार नाहीं, हें उत्तरही स्वतःच देतो. आणि तरीही गुडघे टेकतो, कीं कदाचित् गुडघे टेकल्यानें मन वळेल. तें वळत नाहीं. तो उठतो, आणि ओठांवरचे शब्द वर गेले खरे पण मन खालींच राहिलें, अशी कबुली देऊन चालूं लागतो. लेवीयांत मोशेनें सांगितलेला नियम, कीं लुबाडलेलें परत द्यावें, वर पांचवा हिस्सा घालावा, व मग दोषार्पण आणावें, हा या राजास कोणीं शिकविण्याची गरज नव्हती. पृथ्वीवरचा सर्वांत जवळचा रस्ता त्यास दिसत होता. त्या रस्त्यानें तो एक पाऊल गेला नाहीं.

या प्रसंगावर आम्हीं सेमिनरींत असतांना मोठा निबंध लिहिला होता. त्या निबंधाचा पुढें आम्हांस कांहीं एक उपयोग झाला नाहीं, तें आतां सांगतों.

अकोल्याकडील एका खेड्याची मंडळी आम्हांकडे होती. तेथें एक वयस्क गृहस्थ आहेत. गळा गोड, हंगामाच्या उपकारस्तुतीस पहिलें पोतें त्यांचें. त्यांचा धाकटा भाऊ पुष्कळ वर्षांपूर्वीं वारला. दोघांचीं वावरें लागून, मध्यें धुरा. धाकट्याच्या मागें त्याची बायको व दोन लहान मुलें. ती बाई स्वतःचें वावर कसून, उरलेले दिवस दुसऱ्यांच्या वावरांत निंदणाला जाई. भाऊ वारल्याच्या दुसऱ्या वर्षापासून धुरा हालूं लागला. एकदम नाहीं. दरसाल नांगरतांना एक तास अधिक. शेतकऱ्यास हें सांगणें नको. एका तासाची चोरी कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं, आणि दहा-अकरा वर्षांत त्याचे आठ-नऊ गुंठे होतात. धुऱ्यावर एक जुना निंब होता. धुरा सरकला; निंब कसा सरकणार? तो आतां थोरल्याच्या वावरांत, धुऱ्यापासून चांगला पंधरा-सोळा फूट आंत उभा आहे.

त्या निंबाखालीं आम्हीं पेरणीच्या वेळीं प्रार्थना केली आहे. त्याच सावलींत त्यांच्या घरची भाकरी खाल्ली आहे. शेजारची मेर सरकविणाऱ्यावर मोशेच्या शास्त्रांत शाप आहे, त्या वचनावर आम्हीं त्याच मंडळींत उपदेशही केला आहे. परंतु आमचे डोळे पुस्तकावर होते, झाडावर नव्हते.

एके रात्रीं ते गृहस्थ आम्हांकडे आले. रडत होते. "पाळकसाहेब, मले झोप येत नाई. भाऊ सपनात येते," असें म्हणाले. आम्हीं विचारिलें, काय झालें? त्यांनीं अर्धें सांगितलें. भावाच्या लेकरांकडे आपलें दुर्लक्ष झालें, एवढेंच सांगितलें. अर्धें आम्ही समजूं शकलों असतों. समजून घेतलें नाहीं. रडणाऱ्या मनुष्यास प्रश्न विचारणें आम्हांस निष्ठुरपणाचें वाटलें. आम्ही दोघांनीं गुडघे टेकिले, क्षमेची वचनें वाचिलीं, आणि ते हलके होऊन घरीं गेले. पुढच्या प्रभुभोजनास ते पहिल्या रांगेंत होते. धुरा होता तेथेंच होता. नव्हे, त्या साली आणखी एक तास पुढें गेला.

आणि त्यांची भावजय येईनाशी झाली. बाई देवळांत येई, पण प्रभुभोजनाच्या वेळीं उठून बाहेर जाई. आम्हीं चौकशी केली, आणि मनांत राग धरून राहिली आहे असें लोकांकडून ऐकून तिला क्षमा करण्याविषयीं उपदेश केला. दोनदां केला. तिनें ऐकून घेतलें, उत्तर दिलें नाहीं. वाचकहो, आमच्या सेवेंतील ज्या गोष्टींची आम्हांस आज लाज वाटते त्यांत ही पहिली आहे. ज्याचें गेलें त्याच्याकडूनच आम्हीं पुन्हां कांहीं मागितलें, आणि ज्यानें घेतलें त्यास कांहींच मागितलें नाहीं.

उपदेशकाच्या प्रश्नानंतर आम्हीं तो प्रसंग पुन्हां वाचिला, तेव्हां राजावर आमचें लक्ष राहिलें नाहीं. तें हॅम्लेटावर गेलें. हॅम्लेटाचा मुख्य दोष म्हणजे त्याचें अनिश्चित मन, असें पुष्कळ पंडित म्हणतात. असेल. परंतु राजा गुडघे टेकून बसला असतां हॅम्लेट त्याच्या मागें येतो, तरवार उपसितो, आणि वार करीत नाहीं. तो अनिश्चयामुळें नव्हे, कींव आल्यामुळें तर मुळींच नव्हे. प्रार्थना करीत असतां मारिलें तर हा स्वर्गास जाईल, असें त्यास वाटतें. हा दारूच्या कैफांत किंवा दुसऱ्या एखाद्या पापांत सांपडला म्हणजे मारीन, मग नरकास जाईल, असा त्याचा हिशेब. एका मनुष्याच्या आत्म्याचा नाश व्हावा म्हणून थांबणें! याहून काळें पाऊल या सज्जन राजपुत्राकडून साऱ्या नाटकांत दुसरें पडत नाहीं. आणि गंमत ही कीं त्याचा हिशेबही चुकला. राजा प्रार्थना करीतच नव्हता. हॅम्लेटास पाठ दिसली, वांकलेले गुडघे दिसले, आणि त्यावरून त्यानें ठरविलें.

तो द्वेषानें फसला. आम्ही मायेनें फसलों. दोघांनींही गुडघेच पाहिले.

हॅम्लेटाचा तो दुसरा दोषही आमच्या मंडळींत नाहीं असें कोणीं समजूं नये. पुढें धुऱ्याची गोष्ट उघड बोलली जाऊं लागली तेव्हां पंचांपैकीं दोघे-तिघे फार उत्साहानें आम्हांकडे आले. त्यांस त्या गृहस्थानें वावर परत द्यावें अशी घाई नव्हती. सर्व मंडळीसमोर त्यास उभें करावें, त्याचें गाणें बंद करावें, एवढी मात्र घाई होती. एकानें तर म्हटलें, "थोडं अजून होऊ द्या साहेब, मंग पाहू." तो चांगला मनुष्य आहे, आपण काय बोललों हें त्यास कळलें नसावें. दुसऱ्याचें पाप पिकूं द्यावें व मग कापावें, ही इच्छा राजवाड्यांतच उत्पन्न होते असें नाहीं. ती आमच्या पंचायतींतही वाढते, आणि तिला आम्ही शिस्त असें नांव देतों.

आगरकरांविषयीं एक गोष्ट मध्येंच सांगतों. ते आमच्या धर्माचे नव्हते, ईश्वराविषयींचा त्यांचा संशय प्रसिद्ध आहे; आणि त्यांचीं पुष्कळ मतें आमच्या उपदेशकांस पटणार नाहींत. परंतु एम्. ए. होण्याच्या सुमारास त्यांनीं आईस पत्र लिहून कळविलें कीं, आपण मोठ्या पगाराच्या मागें लागणार नाहीं, पोटापुरत्यावर संतोष मानून लोकहितांत वेळ घालवूं. तें त्यांनीं मरेपर्यंत पाळिलें. मतभेद झाला तेव्हां १८८७ सालीं 'केसरी' सोडिला. विरोधकांनीं जिवंतपणीं त्यांची प्रेतयात्रा काढिली ती सोसली. आणि १८९५ सालीं एकुणचाळिसाव्या वर्षाच्या आंतच ते वारले, तेव्हां आपल्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनीं वेगळे बांधून ठेविले होते असें सांगतात. ज्यास हातचें सोडवत नाहीं अशा राजाचें बोलणें मराठींत आणणारा मनुष्य असा होता. आम्हीं प्रार्थना केल्या आणि धुरा तसाच राहूं दिला. कोणाचें नांव कोणत्या वहींत आहे हें प्रभु जाणतो. आम्हांस मात्र त्या माणसाचें स्मरण झालें म्हणजे आपल्या काळ्या अंगरख्याकडे पाहवत नाहीं.

गेल्या दिवाळीपूर्वीं आम्ही त्या खेड्यास गेलों. प्रथम त्या गृहस्थाकडे न जातां बाईकडे गेलों, आणि केलेल्या उपदेशाबद्दल तिची क्षमा मागितली. ती पऱ्हाटींत होती. कमरेचा ओटा अर्धा भरला होता. पुष्कळ वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "तुमी त्या निंबाखाली बसून जेवत होते ना साहेब. मले वाटे, तुमाले दिसत असन."

तिला उत्तर देण्यासारखें आम्हांपाशीं कांहीं नव्हतें. तेथून थोरल्याकडे गेलों. त्यांनीं आम्हांस पाहून ओळखलें कीं आज आम्ही कशास आलों. डोळ्यांत पाणी आलें, आणि नेहमींप्रमाणें म्हणाले, "साहेब, पह्यले प्रार्थना करू." आम्ही म्हटलें, आज नाहीं, आज तुम्ही आम्ही निंबापर्यंत चालत जाऊं. हें म्हणणें आम्हांस किती जड गेलें तें पाळकांनाच समजेल. प्रार्थना नाकारण्याची ती आमची पहिलीच वेळ. आपण कठोर झालों कीं काय, हॅम्लेटाप्रमाणें हिशेब करूं लागलों कीं काय, अशी शंका वाटेवर आली. ती अजूनही पुरती गेलेली नाहीं.

ते आले. निंबाला हात लावून उभे राहिले. बोटें मोजून सालें आठवलीं, आमच्यापेक्षां अधिक बरोबर. येशूला घरीं बसवून जक्कयानें उभ्याउभ्या चौपट देण्याचें कबूल केलें, तें आम्हीं त्यांस आठवून दिलें. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "या सालचा कापूस निघू द्या. उभ्या पिकात दोरी कशी टाकू?"

शेतकऱ्याच्या दृष्टीनें हें बोलणें अगदींच खोटें नाहीं. परंतु त्या आठ-नऊ गुंठ्यांतील कापूसही कोणाचा, तें आम्हीं त्यांस विचारिलें. त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. पण रागावलेही नाहींत. मोजणीसाठीं सरकारांत अर्ज करावा कीं आपसांत दोरी टाकावी, यावर बोलणें निघालें. दोरीवर ठरलें, कारण निंब साक्षीस आहे. त्या दिवशीं आम्ही प्रार्थना केल्यावांचून परतलों. वाटेंत बाईचा थोरला मुलगा भेटला. त्यास यांतलें कांहीं सांगितलें नाहीं.

वेचणी आतां संपली आहे. येत्या सोमवारीं सकाळीं आम्ही तिकडे जाणार आहों. बाईस निरोप धाडिला आहे. ती येईन म्हणाली, पण धुऱ्याच्या आपल्या बाजूस उभी राहीन, असेंही म्हणाली. त्या गृहस्थाकडून अजून निरोप आलेला नाहीं. दोरी त्यांनींच आणावयाची असें ठरलें होतें. तरी आम्हीं एक आपल्या पिशवींत घालून ठेविली आहे.